पीटर लॅलर: बंडवाला, की पलटी मारलेला?

यारातीरी
आईबाबा सध्या आमच्याकडे मेलबर्नला आलेत. गेल्या शनिवारी त्यांना बॅलराटला नेलं. सोन्याच्या खाणी, जुन्या धाटणीची दुकानं, घोडागाडी, सगळं झालं. परत निघताना स्टर्ट स्ट्रीटवर एक पुतळा दिसला. बाबांनी चष्मा सावरत विचारलं, "हे कोण वकीलसाहेब?"

म्हटलं बाबा, वकील नाही, हा पीटर लॅलर. अंगावर आहे तो सभापतीचा झगा. आम्ही ज्या मतदारसंघात राहतो त्याचं नाव याच्यावरूनच पडलंय. (पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड इथूनच निवडून यायच्या.) बाबा म्हणाले, काय केलं यानं? गाडीत बसल्यावर सांगायला लागलो आणि वेरिबीपर्यंत माझंच मला कोडं पडलं. ते इथे टाकतो.

1827 साली आयर्लंडमधल्या क्वीन्स काउंटीत, म्हणजे आताच्या लीश परगण्यात जन्म. बाप मोठा शेतकरी, लंडनच्या पार्लमेंटात खासदार राहिलेला. हा शिकून इंजिनिअर झाला. दुष्काळानं देशाची धूळधाण झाल्यावर 1852 मध्ये रिचर्ड नावाच्या भावाबरोबर मेलबर्नला आला. आधी मेलबर्न-जिलाँग रेल्वेच्या कामावर, मग सोन्याच्या मागे बॅलराटला. 1854 च्या नोव्हेंबरअखेर तिथल्या खाणकऱ्यांनी सरकारी परवाने जाळले, युरेका नावाच्या जागी फळ्या आणि उलट्या केलेल्या गाड्यांचा कोट उभारला आणि त्यांचा म्होरक्या झाला हा. 3 डिसेंबरच्या पहाटे फौजेनं कोट फोडला. याचा डावा हात गेला.

आता पुढचं बघा. वर्षभरात हाच माणूस आमदार. नंतर मंत्री. 1880 ते 1887 विधानसभेचा सभापती. आणि मधे 1873 मध्ये एका खाण कंपनीचा संचालक म्हणून संपकरी कामगारांच्या जागी चिनी मजूर आणणाऱ्यांत!

तर प्रश्न असा: हा गडी बदलला, की आपणच त्याला चुकीचं समजून बसलोय?

मीठभाकर
जागा पकडून बसलोय. पेन्शनरकाका येईपर्यंत चहा टाकतो.

खवचट खोकड
पाच वर्षं कोर्टात तारखा नाहीत, लगेच आमदार? हे तर आपल्याकडच्यापेक्षा फास्ट आहे.

गोंधळलेला गणू
अडाणी प्रश्न. सोनं शोधायला गेलेल्या लोकांना बंड कशाला करावं लागलं? सोनं काढा, घरी जा.

पेन्शनरकाका
गणू, प्रश्न अडाणी नाही, सगळं त्यातच आहे.

खाणकऱ्याला दर महिन्याला परवाना घ्यावा लागे, आधी 30 शिलिंगांचा, 1853 अखेरीपासून एक पौंडाचा. सोनं सापडो न सापडो. सुरुवातीला सोनं वरवर होतं तेव्हा ते चाललं. पण बॅलराटला सोनं खोल, जुन्या गाडल्या गेलेल्या नद्यांच्या तळाशी. आठ-दहा जणांनी मिळून विहिरीसारखा खड्डा शंभर-दीडशे फूट खणायचा, बाजूला फळ्या ठोकायच्या, पाणी उपसायचं, महिनेच्या महिने. तळाला पोचल्यावर कळणार की आपला खड्डा सोन्याच्या पट्ट्यावर आहे की चार हात बाजूला. तोवर हाती दमडी नाही, आणि दर महिन्याला सरकारचे पैसे मात्र ठरलेले.

बरं, परवाना सतत अंगावर हवा. चिखलात कमरेपर्यंत बुडालेल्या माणसानं कागद कुठे ठेवायचा? तंबूत राहिला तर दंड. दंडाचा अर्धा वाटा पकडणाऱ्या पोलिसाला. आणि पोलिसांत टास्मानियाहून आलेले माजी कैदी भरलेले. पोलीस दिसले की खाणकरी "जो! जो!" असा पुकारा करायचे, म्हणजे खालचे सावध होत. आधीचा गव्हर्नर चार्ल्स जोसेफ लाट्रोब, त्याच्या मधल्या नावावरून ते "जो". नवा गव्हर्नर हॉथम आला, तिजोरी रिकामी बघितली आणि आठवड्यातून दोनदा परवाने तपासायचा हुकूम काढला.

शिवाय या लोकांना मत नाही आणि जमीन विकत मिळायची मारामार. ऑक्टोबरमध्ये स्कोबी नावाचा एक खाणकरी बेंटलीच्या हॉटेलाबाहेर मारला गेला. मॅजिस्ट्रेटनं बेंटलीला सोडून दिलं. दहा दिवसांत लोकांनी हॉटेलच जाळलं. इथून पुढे लॅलर येतो.

मीठभाकर
चहा उतू गेला वाचताना. काका, दंडवत.

तिफण
यारातीरी मालक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पोस्टीत आहे. "बाप मोठा शेतकरी."

आयर्लंडमधला मोठा शेतकरी म्हणजे जमिनीचा मालक नव्हे, मोठा कूळ. शेकडो एकर कसतो, पण सातबारा जमीनदाराच्या नावावर. त्यात हे कॅथलिक, आणि चर्च प्रॉटेस्टंटांचं. ज्या चर्चला हे जात नाहीत त्याच्यासाठी यांच्याच पिकातून कर. पॅट लॅलरनं जाहीर सांगितलं, मी हा कर देणार नाही. सरकारनं जनावरं जप्त केली, लिलावात घ्यायला कोणी पुढे येईना. पीटर तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचा. ज्या घरात ही गोष्ट रोज चुलीपाशी सांगितली जात असेल, तिथलं पोर परवान्याचे पैसे बघून दुसरं काय करणार?

पण असल्या घराला क्रांती नको असते. असल्या घराला आपलं वावर आपल्या नावावर पाहिजे असतं. मी स्वतः तसल्याच घरातला आहे म्हणून सांगतो.

यारातीरी
तिफण, हे मला सुचलं नव्हतं. पण मग मोठा भाऊ? जेम्स फिंटन लॅलर तर जहाल होता ना?

तिफण
तोच तर. फिंटन पाठीनं अधू, प्रकृतीनं तोळामासा, पण लिहिलं काय, तर आयर्लंडची जमीन आयर्लंडच्या लोकांची, जमीनदाराचा हक्क मानूच नका. दुष्काळात, 1847-48 मध्ये. तुरुंगात गेला आणि 1849 च्या डिसेंबरात वारला. बाप त्याच्या मतांवर नाराज. म्हणजे एकाच घरात खासदार बाप, जहाल थोरला आणि इंजिनिअर धाकटा. पीटर यातला कोणाचा, हे आपण ठरवतोय.

खवचट खोकड
आमच्याही घरी तीन पक्ष आहेत. फक्त पुतळा कोणाचा नाही.

सुनीती नाही
"वावर आपल्या नावावर" हे वाचायला छान आहे. बॅलराटचं वावर कोणाचं होतं? वाडावुरुंग लोकांचं. 1851 च्या ऑगस्टमध्ये सोनं सापडलं आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांचे ओढे, त्यांची शिकारीची रानं खणून काढली. दक्षिण क्रुसाच्या (या तारकापुंजाचं चित्र असलेल्या) निशाणाखाली हक्कांच्या शपथा घेणाऱ्यांत एकालाही हा प्रश्न पडलेला दिसत नाही.

आणि चिनी. खाणींवर हजारो चिनी होते, तोच परवाना त्यांनाही लागायचा, शिव्या आणि मारहाण वर. युरेकाच्या चळवळीत त्यांना कोणी बोलावलं? उलट 1855 मध्ये, म्हणजे यांच्या मागण्या मान्य होत असतानाच, व्हिक्टोरियात (मेलबर्न, बॅलराट ज्यात येतात त्या वसाहतीत) उतरणाऱ्या प्रत्येक चिन्यावर 10 पौंडांचा डोईकर बसला.

त्यामुळे लॅलरनं पलटी मारली वगैरे नाही. तो पहिल्यापासून स्वतःसारख्यांसाठी लढत होता. मिळालं, थांबला.

पेन्शनरकाका
सुनीतीताई, चिन्यांबद्दल पूर्ण सहमत. पण "स्वतःसारख्यांसाठी" हे इतकं सरळ नाही. कोटात आयरिश जास्त होते हे खरं. शनिवारी रात्रीचा परवलीचा शब्दच "व्हिनेगर हिल", म्हणजे 1798 च्या आयरिश उठावातली लढाई. पण राफाएलो कारबोनी इटालियन, व्हर्न जर्मन. नंतर राजद्रोहाचा खटला ज्या तेरा जणांवर चालला, त्यांत जॉन जोसेफ हा अमेरिकेतला काळा माणूस. सगळ्यात आधी त्याचाच खटला उभा केला. ज्युरीनं त्याला सोडलं आणि बाहेर लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मेलबर्नच्या रस्त्यांतून मिरवलं. पुढे तेराच्या तेरा सुटले.

गोंधळलेला गणू
लढाई किती दिवस चालली?

पेन्शनरकाका
दिवस? पंधरा-वीस मिनिटं.

रविवार पहाट. ख्रिस्ती माणसं रविवारी लढत नाहीत या समजुतीनं बरेच लोक शनिवारी रात्रीच तंबूंत झोपायला किंवा प्यायला निघून गेलेले. कोटात उरले जेमतेम दीडशे. फौज आणि पोलीस मिळून पावणेतीनशे. खाणकऱ्यांचे निदान 22 मेले. फौजेचे थोडे. काहींना तर लढाई संपल्यावर भोसकलं आणि तंबू पेटवले.

आता एक अवांतर, पण इथल्या लोकांना आवडेल. फौजेत 40 वी रेजिमेंट होती. तिच्या निशाणावरची एक लढाई "महाराजपूर". 29 डिसेंबर 1843, ग्वाल्हेरजवळ, समोर शिंद्यांची फौज. आपले तोफखान्याचे गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले पण हलले नाहीत, असं इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे ज्या पलटणीनं शिंदेशाहीचं कंबरडं मोडलं, तीच अकरा वर्षांनी बॅलराटला.

मीठभाकर
अंगावर काटा.

खवचट खोकड
काका, तुम्ही मंगळावरच्या धाग्यावरही पानिपत आणाल.

पेन्शनरकाका
पानिपत नाही, महाराजपूर. निदान टोमणा तरी नीट वाचून मारा.

कॅनडाकर
उशिरा आलो. लॅलरच्या शेजारी आमचा एक माणूस ठेवतो, म्हणजे तुलना होईल.

थॉमस डार्सी मॅगी. 1848 च्या आयरिश उठावात सामील, पाद्र्याच्या वेषात अमेरिकेला पळाला. तिथे वर्तमानपत्रं काढली. 1857 मध्ये माँट्रिअलला आला आणि पुढच्या दहा वर्षांत कॅनडाच्या संघराज्याच्या शिल्पकारांपैकी एक झाला, इंग्लंडच्या राणीखालच्या! त्याचं म्हणणं, आयरिश माणसाला जे हवं होतं ते इथे मिळतंय, मग इथे पिस्तुलं कशाला? आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी हत्यार उचलणाऱ्या फेनियन बंडखोरांवर उघड टीका करायचा. 7 एप्रिल 1868, मध्यरात्री उलटून गेलेली, संसदेतून ओटावातल्या बिऱ्हाडी परतला आणि दारात किल्ली लावताना मागून गोळी घातली.

त्याच्याबरोबरचा दुसरा, चार्ल्स गॅव्हन डफी. डब्लिनमध्ये वर्तमानपत्र काढलं, राजद्रोहाचे खटले झेलले. 1856 मध्ये मेलबर्नला आला, 1871 मध्ये व्हिक्टोरियाचा पंतप्रधान, 1873 मध्ये "सर".

म्हणजे ही एका माणसाची पलटी नाही, एक अख्खी पिढीच आहे. घरी ज्या सरकारशी भांडले, समुद्रापलीकडे त्याच सरकारच्या खुर्चीत बसले.

यारातीरी
फरक इतकाच की लॅलर घरी भांडलाच नव्हता. पहिल्यांदा हत्यार उचललं ते इथे. आणि सर ही पदवी त्याला देऊ केली होती, ती त्यानं नाकारली म्हणतात.

सुनीती नाही
पदवी नाकारली, पण निवृत्तीच्या वेळी विधिमंडळानं दिलेले 4000 पौंड घेतले. ठीक आहे, एक हात गेलेला म्हातारा माणूस, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

मला 1873 बद्दल बोलायचंय. क्लून्स गावातली लोथेअर खाण. कामगारांचं म्हणणं काय होतं? शनिवारी दुपारनंतर पाळी नको. बस. कंपनीनं ऐकलं नाही, टाळेबंदी, आणि मग बॅलराट-क्रेसिककडून चिनी मजूर घोडागाड्यांतून, पोलीस बंदोबस्तात. क्लून्सच्या बायाबापड्यांनी रस्त्यात आडवं होऊन दगडविटांनी गाड्या परत पाठवल्या. संचालकांत पीटर लॅलर. ज्यानं वीस वर्षांपूर्वी स्वतः कोट उभारला होता तो!

आणि यात चिन्यांना दोन्हीकडून वापरलं. कंपनीला स्वस्त हात हवे होते, गावकऱ्यांना दगड मारायला कोणीतरी.

तिफण
ताई, हा मुद्दा पटला. लॅलरच्या बाजूनं बोलायला माझ्याकडे इथे काही नाही.

मीठभाकर
तिफण यांनी हार मानली! तारीख लिहून ठेवा रे.

तिफण
हार नाही. याच मुद्द्यावर मानली.

कारण तुम्ही सगळे एक धरून चाललाय, की कोटातला लॅलर लोकशाहीवाला होता. कशावरून? बॅलराट रिफॉर्म लीग निघाली 11 नोव्हेंबरला, तिच्या मागण्या इंग्लंडच्या चार्टिस्ट चळवळीतून आलेल्या: सगळ्या पुरुषांना मत, मालमत्तेची अट नको, आमदारांना पगार. ते काम हम्फ्री या वेल्श माणसाचं. तो अर्ज-विनंत्यांचा, शांततेचा. लॅलर पुढे आला तो अगदी शेवटी, 30 नोव्हेंबरला, परवाने जाळल्याच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मुद्दाम धाड घातली तेव्हा. बेकरी हिलवर माणसं जमली, पुढारी कोणी येईना, हा एका खोडावर चढला आणि बोलला. सगळे गुडघ्यावर बसले आणि शपथ घेतली: दक्षिण क्रुसाची आण, एकमेकांना धरून राहू, आपल्या हक्कांसाठी आणि स्वातंत्र्यासाठी लढू. यात मताधिकाराचा म पण नाही.

पेन्शनरकाका
आणि त्यानं स्वतःच हे सांगून ठेवलंय.

आमदार झाल्यावर मतदानाच्या कायद्यात त्यानं मालमत्तावाल्यांना झुकतं माप देणारी बाजू घेतली. बॅलराटचे खाणकरी खवळले. हात गमावलेला आपला माणूस, बिनविरोध निवडून दिला, आणि हा असं करतो? राजीनामा द्या म्हणून सभा झाल्या. त्यावर त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे. सार असा: लोकशाहीवादी म्हणजे काय म्हणता तुम्ही? चार्टिस्ट, कम्युनिस्ट, प्रजासत्ताकवादी? तसला मी कधी नव्हतो, नाही आणि होणारही नाही. पण जुलमी वर्तमानपत्र, जुलमी जनता किंवा जुलमी सरकार यांना विरोध करणारा म्हणाल, तर तसला लोकशाहीवादी मी होतो, आहे आणि राहीन.

"जुलमी जनता" हे शब्द बघा. सरकारच्या बरोबरीनं बसवलेत. पुढच्या निवडणुकीला बॅलराट सोडून साउथ ग्रँट या दुसऱ्याच मतदारसंघातून उभा राहिला.

खवचट खोकड
ज्यांच्यासाठी हात घालवला त्यांनाच जुलमी म्हणायचं म्हणजे धाडस आहे. आपल्याकडे मनात म्हणतात.

गोंधळलेला गणू
पण मग बंडाचा उपयोग झाला का नाही? का नुसतीच माणसं मेली?

कॅनडाकर
झाला ना. चौकशी आयोगानं परवाना रद्द करायला लावला. त्याऐवजी वर्षाला एक पौंड भरून "मायनर्स राइट". म्हणजे महिन्याला जे भरत होते ते आता वर्षाला! त्याबरोबर मतही. उरलेला महसूल निर्यात होणाऱ्या सोन्यावर. म्हणजे सापडलं तर कर, नाही तर नाही. 1856 मध्ये व्हिक्टोरियात गुप्त मतदान, 1857 मध्ये विधानसभेसाठी सर्व पुरुषांना मत. हे सगळं युरेकामुळेच झालं असं नाही, काही आधीच शिजत होतं. पण झाकण उडालं ते युरेकानं.

लॅलरनं लपून बसल्यानंतर वर्तमानपत्राला पत्र पाठवून हाच सवाल केला होता: आता देताय ते आधी का नाही दिलंत, रक्त सांडायची वाट का बघितलीत?

मीठभाकर
लपून कुठे होता पण? एक हात नसलेला माणूस लपतो कसा?

यारातीरी
हे माझ्या आवडीचं. गोळी डाव्या खांद्याला लागली. साथीदारांनी त्याला फळ्यांच्या ढिगाखाली दडवलं, शिपाई शेजारून गेले. नंतर फादर स्मिथ यांच्या घरी हात कापला. मग गाडीतून जिलाँगला, अॅलिशिया डनकडे. ती तिथे शिक्षिका, याची वाग्दत्त वधू. तिनं शुश्रूषा केली. 1855 च्या जुलैत लग्न.

सरकारनं याच्यावर आणि जॉर्ज ब्लॅक या साथीदारावर प्रत्येकी 200 पौंडांचं इनाम लावलं होतं. जाहिरातीतलं वर्णन वाचा: उंची पाच फूट अकरा, केस गडद तपकिरी, मिशी नाही, चेहरा लांबट, "दिसायला बऱ्यापैकी देखणा". नाव छापलंय "लॉलर". आणि वय 35. गडी तेव्हा 27 चा!

खवचट खोकड
पकडायच्या माणसाला देखणा म्हणणारं सरकार पहिल्यांदाच बघितलं.

सुनीती नाही
नाव "लॉलर" छापलं म्हणजे उच्चार तसाच होता ना? मग आपण सगळे इथे लॅलर लॅलर का करतोय?

यारातीरी
ताई, मतदारसंघाचा उच्चार इथले जुने लोक लॉलरच करतात. मेलबर्नच्या उत्तरेला त्याच्याच नावाचं उपनगर आहे, तिथे "लेलर" ऐकू येतं. मी शीर्षक बदलायला गेलो तर संपादनाची मुदत संपली.

पेन्शनरकाका
बरोबरचा भाऊ रिचर्ड, त्याचं कोणी विचारलं नाही. तो आयर्लंडला परतला आणि 1880 पासून लंडनच्या पार्लमेंटात आयरिश पुढारी पार्नेलच्या होमरूल पक्षाचा खासदार झाला. त्याच वर्षी पीटर मेलबर्नला सभापतीच्या खुर्चीत. एकाच बोटीनं आलेले दोघे भाऊ. एक साम्राज्याच्या एका विधानसभेत "शांतता राखा" म्हणतोय, दुसरा साम्राज्याच्या मुख्य सभागृहात गोंधळ घालतोय. टिळकांनी 1916 मध्ये आपल्या संघाला "होमरूल" नाव दिलं ते याच आयरिश चळवळीकडून आलेलं.

खवचट खोकड
पाच मिनिटं उशीर झाला काका, पण आणलेत तुम्ही.

तिफण
मी म्हणतो तेच झालं हो. रिचर्ड परत गेला कारण तिथे भांडण शिल्लक होतं. पीटरचं इथलं मिटलं. बॅलराटजवळ 160 एकर घेतले त्यानं, बंडानंतर लगेच. लोकांनीच वर्गणी केली होती.

सुनीती नाही
कोणाचे 160 एकर, हे मी परत विचारत नाही.

तिफण
विचारा की. बरोबरच आहे ते.

यारातीरी
सगळ्यांचे आभार. काल रात्री बाबांना हा सगळा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, "पुतळा करताना गावानं झगा घातला ना अंगावर? मग पलटी गावानं पण मारली." 1893 चा पुतळा. मेल्यावर चारच वर्षांत. मला वाटतं माझा प्रश्नच अर्धा होता.

नातवाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून टाकतो. कॅप्टन जोसेफ पीटर लॅलर, पहिल्या महायुद्धात, 25 एप्रिल 1915 ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत पहिल्याच दिवशी मारला गेला. राजाच्या फौजेतून.

पुढच्या आठवड्यात परत बॅलराटला जाणार, या वेळी फक्त निशाण बघायला. मूळचं फाटकं निशाण मंद उजेडात ठेवलंय. बराच भाग नाही, लोकांनी आठवण म्हणून तुकडे कापून नेलेत.

मीठभाकर
फोटो टाका.

यारातीरी
टाकतो. आईचा एक प्रश्न राहिलाय, तिला तुमच्या राजकारणात रस नाही. सत्तावीस वर्षांच्या पोराला सरकारनं पस्तिसाचा कसा लिहिला?

सुनीती नाही
दोन वर्षं शंभर फूट खोल खड्ड्यात घालवून बघा म्हणावं.

खवचट खोकड
काकू, म्हणूनच तर सापडला नाही.